सहा, नाहीतर एकही नाही

ती चार विषयांत पास झाली असती. हे मला माहीत होतं, तिला माहीत होतं, आणि मुख्याध्यापकांना तर आम्हा दोघींच्या आधी माहीत होतं. म्हणूनच तिला एकाही विषयाला बसू द्यायचं नाही असं ठरलं. ठरवणाऱ्यांत मी होते. कुणी माझा हात धरून माझ्याकडून काही करून घेतलं नाही, हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढे वाचताना कुणी माझी बाजू घ्यायला नको.

मी मराठी शिकवते. राहते वर्ध्याजवळच्या बोरगाव मेघेला, आणि रोज सकाळी स्कुटीवर आंजीच्या रस्त्याने निघून पुढे आत वळते, तिथल्या एका गावातल्या शाळेत. बावीस वर्षं हाच रस्ता आहे. त्या वर्षी मी दहावीची वर्गशिक्षिका होते. शाळेचा दहावीचा निकाल सलग चार वर्षं शंभर टक्के लागला होता आणि बसथांब्यावर त्याचं मोठं फ्लेक्स होतं. वर संस्थेचे अध्यक्ष, मग मुख्याध्यापक, मग चौकोनात वर्गशिक्षक. चारही वर्षं त्या चौकोनात दुसरेच कुणी होते. पाचव्या वर्षी तो चौकोन माझा होता. पन्नाशीला आलेल्या बाईला बसथांब्यावरच्या फ्लेक्सचं काय अप्रूप, असं कुणाला वाटेल. मला होतं.

शंभर टक्के कसे लागतात, हे बाहेरच्यांना वाटतं तितकं अवघड नाही. निकालाचा टक्का काढताना परीक्षेला बसलेली मुलं धरतात. ज्याने एक जरी पेपर दिला तो बसला. तो नापास झाला की टक्का घसरला. पण ज्याने एकही पेपर दिला नाही, तो बसलाच नाही. तो हिशेबातून गळतो, जणू तो कधी शाळेत आलाच नव्हता. तेव्हा कच्च्या मुलाला समजावून घरी ठेवायचं, एवढंच काम. आमच्या शाळेत याला कुणी फसवणूक म्हणत नसे. याला ‘समजावणं’ म्हणत.

जानेवारीत सराव परीक्षा झाली आणि मुख्याध्यापकांनी मला यादी घेऊन बोलावलं. तीन नावांवर त्यांनी लाल खूण केली होती. पहिली दोन मुलं वर्षातून महिनाभर शाळेत येणारी होती, त्यांना समजावायचीसुद्धा गरज पडणार नव्हती. तिसरं नाव तिचं होतं.

“हिचं काय करता, मॅडम?”

“हिचे चार निघतील, सर. मराठी, हिंदी, समाजशास्त्र. विज्ञानही काढेल घासूनपुसून. गणित आणि इंग्रजीत मार खाईल.”

“म्हणजे नापास.”

“एटीकेटी मिळेल ना. अकरावीला जाईल ती.”

हे मी म्हटलं होतं. म्हणजे मला नियम माहीत होता. दहावीत एक-दोन विषय राहिले तरी अकरावीला प्रवेश मिळतो आणि राहिलेले विषय मागाहून काढता येतात. चार विषय निघणाऱ्या मुलीसाठी तर तो नियम केल्यासारखाच होता.

“ती जाईन हो अकरावीले,” मुख्याध्यापक म्हणाले. “पन आपला निकाल मातीत जाईन, त्याचं काय? एका पोरीपायी पाच वर्षांची मेहनत वाया घालवता का? सहा निघत असतीन तं बसू द्या. नाई तं एकही नको. चार-बिर आपल्याले परवडत नाई.”

मला वाईट वाटत होतं असं म्हणायला हरकत नाही, पण खरं तर मी तेव्हा फ्लेक्सवर कोणता फोटो द्यावा याचा विचार करत होते. निळ्या साडीतला की सत्काराच्या दिवशीचा.

“बरं,” मी म्हटलं.

त्याच वर्षी माझी स्वतःची मुलगी अकरावीला होती. जूनमध्ये तिच्या विषयांवरून आमच्या घरात महिनाभर रणकंदन झालं होतं. गणित घ्यायचं की जीवशास्त्र? ती म्हणत होती एकच घेते, मला झेपत नाही. मी तिला दोन्ही घ्यायला लावले. उद्या डॉक्टरकी सुचली तर जीवशास्त्र हवं, इंजिनियरिंग सुचलं तर गणित हवं, मुलीचं एकही दार बंद व्हायला नको, असं मी तिला पंधरा वेळा ऐकवलं. ती रडली, पण मी ऐकलं नाही. शेजारणींना मात्र मी अभिमानाने सांगत असे, आमच्या पोरीने विज्ञानाचे चारही विषय घेतले.

आता या मुलीबद्दल. तिचं घर गावाबाहेरच्या वस्तीत होतं, गोंडांची पंधरा-वीस घरं असतील. घरात ती गोंडीत बोलायची आणि शाळेत आमच्याशी वऱ्हाडीत. पुस्तकातली मराठी ही तिची तिसरी भाषा, आणि तीच तिला सगळ्यांत बरी यायची. वर्गात दुसऱ्या बाकावर बसे. चुणचुणीत वगैरे नव्हती. सावकाश होती, पण एकदा समजलं की सोडायची नाही. अशा मुली शिक्षकांना फारशा आवडत नाहीत. त्या परत परत विचारतात.

फेब्रुवारीच्या सुरुवातीला तिने भर वर्गात विचारलं, “मॅडम, एटीकेटी मनजे काय असते?”

कुठून ऐकून आली होती कोण जाणे. चाळीस मुलं माझ्याकडे बघत होती.

“ते कॉलेजवाल्यांचं असतं,” मी म्हटलं. “तुमचं त्यात काही नाही. पुस्तकं काढा.”

तिने पुस्तक काढलं. शिक्षक सांगतात ते खरं असतं, हे तिला घरून शिकवलेलं होतं.

समजावायला जायचं मी आज-उद्यावर ढकलत होते. तेवढ्यात तोंडी परीक्षा आली. मराठीच्या तोंडीला मी विषयांच्या चिठ्ठ्या केल्या होत्या आणि तिला आली ‘हिवाळ्यातली सकाळ’. बाकीच्या मुलांनी धुकं, शेकोटी, गरम चहा असं पाठ केलेलं म्हणून टाकलं होतं. ही उभी राहिली आणि सांगू लागली. हिवाळ्यात तिची आई दिवस उगवायच्या आत हरभऱ्याच्या वावरात जाते. धुतलेलं पांढरं फडकं झाडांवरून हळूहळू फिरवते. पानांवरचं दव फडक्यात उतरतं, मग ते फडकं बाटलीत पिळायचं. त्याला आंब म्हणतात. चवीला इतकी आंबट, की जीभ सोलून निघते. पोट दुखलं की एक चमचा घ्यायची. फडकं फिरवताना हात भेगाळतात, म्हणून आई तिला फिरवू देत नाही. ती नुसती बाटली धरून मागे मागे चालते. बाटली थंडगार होते आणि बोटं बधिर होतात, पण सोडायची नाही, कारण तळाशी जेमतेम बोटभर आंब जमलेली असते.

मी वीसपैकी अठरा दिले. वर्गात सगळ्यांत जास्त. “मलाही आण एकदा,” असंही म्हटलं.

संध्याकाळी मुख्याध्यापकांनी गुणांचा कागद पाहिला. “अजून सांगतलं नाई तुमी तिले? आन अठरा देऊन बसल्या? तोंडीले हजर दाखवली तं उद्या काय उत्तर द्यान?”

शनिवारी सकाळची शाळा सुटल्यावर मी तिच्या घरी गेले. वडील वनखात्याच्या रोपवाटिकेत कामावर गेले होते. आई नुकतीच हरभरा कापून-सोंगून आली होती, पायांना अजून माती होती. मला पाहून तिची धांदल उडाली. शेजारून प्लास्टिकची खुर्ची आणली, पदराने पुसली. मुलगी भिंतीपाशी उभी राहिली. तिच्या मागे फळीवर शाळेच्या पुस्तकपेढीतली नऊ पुस्तकं उभी लावलेली होती. सगळ्यांना वर्तमानपत्राची कव्हरं, आणि कव्हरांवर जाड पेनाने विषयाचं नाव. सहा विषयांची नऊ पुस्तकं, कारण गणिताची दोन, विज्ञानाची दोन, समाजशास्त्राची दोन.

“पोरगी हुशार आहे तुमची,” मी सुरुवात केली. समजावायला गेलं की सुरुवात अशीच करतात.

“आमाले काय समजते, मॅडम,” आई म्हणाली. “रोज सांजीले वाचत बसते तेवढं दिसते. काई चुकलं का तिचं?”

“चुकलं नाही. पण दोन विषय कच्चे आहेत. आत्ता परीक्षेला बसली तर नापास होईल. गुणपत्रिकेवर एकदा नापास लागलं की ते जन्मभर पुसलं जात नाही. उद्या लग्नाच्या वेळी, नोकरीच्या वेळी, कुणीही काढून बघतं. त्यापेक्षा या वेळी बसायचंच नाही. जुलैत परीक्षा असते. तोवर अभ्यास करायचा आणि सहाही एकदम काढायचे. फॉर्म मी स्वतः भरते.”

इतकं सरळ आणि इतकं गोड मी वर्गात कधी बोलले नव्हते. आईची मान हलत होती. मुलीची हलत नव्हती.

“मॅडम, चार तं निघते ना माये,” ती म्हणाली. “चारच देऊ द्या. ते दोन मंग देतो जुलैत.”

सोळा वर्षांच्या पोरीने बरोबर तेच मांडलं होतं, जे नियमात लिहिलेलं होतं. मला तिचा राग आला. खरंच आला. मी स्कुटीवरून एवढ्या उन्हात आले होते आणि ही माझ्यापुढे चार आणि दोनचा हिशेब करत होती.

“चारचा काही उपयोग नसतो,” मी म्हटलं. “सहा निघाले तर पास. पाच निघाले तरी नापास, चार निघाले तरी नापास, आणि एक निघाला तरी नापासच.”

“मंग जे चार आता येते, ते जुलैपरेंत विसरून नाई जाईन का मी?”

“तू विसरणारी मुलगी नाहीस.”

ती खूश झाली. मी तिचं कौतुक केलं असं तिला वाटलं. आई तिच्याशी गोंडीत काहीतरी बोलली, तिने हळू आवाजात उत्तर दिलं, आई परत काहीतरी बोलली. मग आई माझ्याकडे वळून म्हणाली, “तुमी मनता तं बराबरच असन, मॅडम. पोट्टीच्या भल्याचंच सांगून राह्यल्या तुमी.”

निघताना तिने आतून औषधाची एक छोटी बाटली आणली. बुचाला दोरा गुंडाळलेला होता. “हे आंब. पोट्टी सांगत होती, मॅडमनं मांगतली मनून.”

मी घेतली. नको म्हणायला तोंड उघडलं होतं, पण घेतली. घरी फ्रीजमध्ये ठेवली आणि पुढे माझ्या मुलीला परीक्षेच्या धास्तीने पोटात कळा यायच्या तेव्हा चमचा चमचा दिली. चांगला गुण आला.

सोमवारी मी तोंडीचा नवा कागद घेतला. तिच्या नावापुढे अठराच्या जागी गैरहजर लिहिलं. मराठीच्या बाईंनी मराठीत लिहिलेलं खोटं, अक्षर मात्र सुरेख आलं होतं.

दहावीचा निरोप समारंभ झाला त्या दिवशी हॉल तिकिटं वाटायची होती. हल्ली ती ऑनलाइन येतात. शाळा छापून घेते, मुख्याध्यापक फोटोवर सही-शिक्का करतात, आणि मग मुलांच्या हातात देतात. शाळेने दिलं नाही तर मुलाकडे काही नसतं. तिचंही छापून आलं होतं, गठ्ठ्यातलं म्हणून सही-शिक्काही होऊन गेला होता. मी नावं वाचत गेले आणि तिचं नाव वगळून पुढे गेले. ती तिसऱ्या रांगेत बसली होती, गणवेशाला इस्त्री केलेली. तिने मान वर करून पाहिलं आणि परत खाली घातली.

पोहे वाटून झाले तेव्हा ती शिक्षकखोलीत आली.

“मॅडम, मायं तिकीट आलं का?”

“आलंय. पण तुला काय करायचंय?”

“पाहू द्या ना.”

मी दाखवलं. तिने दोन्ही हातांनी धरलं आणि बराच वेळ पाहिलं. स्वतःचं नाव, आईचं नाव, बैठक क्रमांक, खाली एकाखाली एक सहा विषय आणि त्यांच्या तारखा. फोटोत तिचे कान जरा मोठे आले होते. त्यावर तिने बोट फिरवलं.

“हे माह्यापाशी राहू द्या, मॅडम. मी पेपराले नाई जात. तुमी सांगतलं तं नाई जात. फक्त ठेवाले. माया फोटू आहे ना, वरतं शिक्का आहे.”

तिच्या हातातून मी ते काढून घेतलं. ओढावं लागलं नाही, तिने सोडलं. तिकीट हातात असेल तर पोरगी पेपरला जाऊन बसेल, एवढंच माझ्या डोक्यात होतं. “हे शाळेत जमा राहतं,” असं सांगून मी खण बंद केला आणि कुलूप लावलं. तिच्यासमोर लावलं. तेवढं तरी ती गेल्यावर केलं असतं तर बरं झालं असतं.

पहिला पेपर मराठीचा. केंद्र शेजारच्या मोठ्या गावात होतं. मुलांना पोचवायला मी गेले होते. मुख्याध्यापकांनी बजावलं होतं की त्या तिघांची तिकिटं शाळेत सोडू नका, एखादा शिपाई दया येऊन देऊन टाकेल. म्हणून ती माझ्या पर्समध्ये होती.

ती फाटकापाशी उभी होती. गणवेशात, हातात पारदर्शक पाकीट, त्यात दोन पेनं, पेन्सिल आणि पट्टी. सात किलोमीटर चालत आली असावी, चपला धुळीने पांढऱ्या झाल्या होत्या. मी तिला पाहून न पाहिल्यासारखं केलं. ती मुलांच्या घोळक्यातून वाट काढत माझ्यापर्यंत आली.

“मॅडम, एकच देऊ द्या.”

“काय एकच?”

“मराठीचा. बाकीचे पाच नाई देत. मराठीचा येते मले पुरा. तुमी शिकवला ना. एकच पेपर, मॅडम. मंग घरी जातो.”

सहावरून चार, चारवरून एक. पोरगी माझ्याशी घासाघीस करत होती आणि दर वेळी स्वतःच कमी करत होती. आणि मागत काय होती? माझाच विषय. इतक्या वर्षांत दुसऱ्या कुठल्या मुलाने मराठीचा पेपर द्यायला मिळावा म्हणून माझ्या विनवण्या केल्या नाहीत.

“तिकीट शाळेत राहिलं,” मी म्हटलं. “तिकिटाशिवाय आत घेत नाहीत.”

पर्स माझ्या खांद्याला होती. तिची चेन मी डाव्या हाताने धरून ठेवली होती.

“कोनाले पाठवून आणता येते का?”

“अर्ध्या तासात पेपर सुरू होतोय. आता कोण जाणार? घरी जा. जुलैत दे सगळे.”

ती गेली नाही. घंटा झाली, मुलं आत गेली, फाटक लागलं. ती रस्त्याच्या पलीकडे निंबाखाली उकिडवी बसली. मी केंद्रावरच्या खोलीत चहा घेत होते आणि खिडकीतून ती दिसत होती, म्हणून मी खुर्ची फिरवून बसले. दोन वाजता मुलं बाहेर आली. तिने आपल्या वर्गातल्या एकीकडून प्रश्नपत्रिका मागून घेतली आणि उभ्याउभ्या वाचली. पहिल्यापासून शेवटपर्यंत. वाचताना मध्येच तिने मान डोलावली, येत असलेल्या प्रश्नाला डोलावतात तशी. मग प्रश्नपत्रिका परत दिली आणि चालू लागली.

बाकीच्या पेपरांना ती आली नाही. मला हायसं वाटलं.

निकाल शंभर टक्के लागला. शेवटी मी निळ्या साडीतला फोटो दिला. शाळा उघडल्यावरही फ्लेक्स पंधरा दिवस बसथांब्यावर होतं आणि मी रोज येता-जाता स्कुटी जरा हळू करायची. फोटो चांगला आला होता.

जुलैचा फॉर्म मी भरला नाही. विसरले असं मी पुढे सगळ्यांना सांगितलं. पण विसरले नव्हते. फॉर्म निघाले तेव्हा मी माहेरी होते, कुलरसमोर पडून होते, आणि मोबाइलवर त्याची सूचना आली तेव्हा मला तिची आठवणही झाली. उद्या बघू म्हटलं. मग परवा म्हटलं. मग मुदत संपली. मुदत संपल्यावर जरा सुटल्यासारखं वाटलं, हेही खरं आहे. तिच्यासाठी काही करायचं म्हणजे तिच्याकडे बघायला लागलं असतं.

जूनच्या शेवटी शाळा उघडली. पुस्तकपेढीची पुस्तकं परत घ्यायचं काम माझ्याकडे होतं. मुलं येत होती, नऊ पुस्तकं टेबलावर ठेवत होती, मी यादीत खूण करत होते. ती आली तेव्हा तिच्या हातात तीनच पुस्तकं होती. गणिताची दोन आणि इंग्रजीचं एक.

ती टेबलावर ठेवून ती म्हणाली, “मॅडम, चारचा उपयोग असते मने.”

मी मान वर केली नाही.

“आमच्या मावशीच्या गावातली एक पोट्टी आहे. तिचे पन गनित आन इंग्रजीच राह्यले. ते गेली अकरावीले. वर्ध्याले जाते एसटीनं. पासबी काढला तिनं.”

आवाजात राग नव्हता. राग असता तर मला सोपं गेलं असतं. मी तिच्यावर ओरडले असते. ती मला नुसतं कळवत होती, जणू मला हे माहीत नसेल आणि कळल्यावर आनंद होईल.

“प्रत्येक शाळेचं वेगळं असतं,” मी म्हटलं. “बाकीची पुस्तकं कुठायत?”

“हे तीन आणले. यात मी पास नसती झाली. हे तुमचे घ्या.” तिने तिन्ही पुस्तकं माझ्याकडे सरकवली. “बाकीच्या चार विषयांत मी पास आहो. ते मी ठेवतो.”

मी तिच्याकडे तेव्हा पहिल्यांदा नीट पाहिलं. निंदणाला जायला लागली होती, नखांत माती होती. चार विषयांची सहा पुस्तकं, एवढाच तिचा निकाल होता, आणि तो तिने स्वतःच लावून घेतला होता. ती ठेवून घेतली असती तर कुणाचं काही बिघडलं नसतं. सहा पुस्तकं हरवली असं लिहून टाकलं असतं तर कुणी विचारलंही नसतं. दर वर्षी दहा-बारा हरवतात.

पण मला वाटलं, ती पुस्तकं तिच्या फळीवर राहिली तर कुणीतरी विचारेल. ती सांगेल.

“नियम सगळ्यांना सारखा,” मी म्हटलं. “उद्या सहाही आणून दे.”

दुसऱ्या दिवशी तिने आणून दिली. कव्हरं तशीच, कडा जराही दुमडलेल्या नाहीत. टेबलावर ठेवली, मोजून दाखवली, आणि गेली. त्यानंतर ती शाळेत आली नाही. पुढच्या फेब्रुवारीत एकदा मला ती रस्त्यात दिसली, बायांच्या रांगेत हरभरा सोंगत होती. मी हॉर्न वाजवला नाही.

पुस्तकं त्याच जुलैत नव्या दहावीला वाटली. दुसऱ्याच तासाला मुलं ओरडायला लागली की पुस्तकात आधीच लिहिलेलं आहे. तिने चारही विषयांचे स्वाध्याय पुस्तकातच सोडवून ठेवले होते. वही लागू नये म्हणून असेल, पेन्सिलीने, बारीक अक्षरात, ओळ न सोडता. मराठीच्या पुस्तकात मार्चच्या पेपरात आलेल्या प्रश्नांपुढे एकेक छोटी बरोबरची खूण होती. त्या दिवशी घरी जाऊन आठवून केल्या असणार.

मी मुलांना खोडरबर काढायला सांगितलं. तिचं मराठीचं पुस्तक पहिल्या बाकावरच्या एका मुलीकडे आलं होतं. तिने चार-पाच ओळी खोडल्या, मग थांबली, वाचत बसली आणि वर पाहून म्हणाली, “मॅडम, उत्तरं तं बराबर आहेत. खोडू कायले?”

“खोड,” मी म्हटलं.